परवापासून ताप

फॉर्मवर पुष्कळ रकाने होते, पण खऱ्या अर्थानं माझा असा एकच: 'तापाचा दिवस कितवा?' नाव, गाव, वय हे कुणीही लिहिलं असतं. हा रकाना माणसाशी बोलून भरायचा होता आणि त्यासाठीच मला नोकरीवर घेतलं होतं. मुलाखतीत प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी गाव विचारलं. पारनेर तालुक्यातलं आहे म्हटल्यावर ते शेजारी बसलेल्यांना म्हणाले, "हा घ्या. याला लोकांची भाषा कळते." मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरहून भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमची तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती. काम डेंगीचं. त्या काळी आमच्याकडे तापाला दोनच नावं, हिवताप नाहीतर टायफॉईड. दोन्हीत बसला नाही तर डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणून मोकळे होत. डासामुळं होणारा डेंगी ओळखायचा तर आज रक्त घ्यायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही नळ्या बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. उत्तर येईपर्यंत माणूस एकतर खुरपायला गेलेला असायचा, नाहीतर कायमचाच गेलेला. आमच्या प्रकल्पाला हे उत्तर एका दिवसात काढायचं होतं, पहिल्याच रक्तात खुद्द विषाणू धरून.

ते धरण्याचं काम एकटी एक मुलगी करत होती. तिचे वडील भिंगारच्या छावणीत कारकून. घर बौद्ध, वस्तीतली पहिली एम.एस्सी. ती. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि कामात दहा पावलं पुढं. दोन वर्षांच्या मुदतीवर आली होती. चाचणी उभी राहिली तर मुदत वाढणार आणि त्याच कामावर तिची पीएच.डी. होणार, असं ठरलेलं होतं. चाचणी पडली तर तीही घरी जाणार, हेही ठरलेलंच होतं, फक्त ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला फील्डवाले. एकदा मी बर्फाच्या डब्यात रक्ताच्या नळ्यांशेजारी गावाकडची वाळकं घालून आणली. त्यावरून तिनं मला महिनाभर सोललं. "काय फील्डवाले, आज काय आणलंत? रक्त का कोशिंबीर?" मी डबा ठेवायचो, ती नळ्या मोजून घ्यायची, मग आम्ही दवाखान्याच्या टपरीवरचा चहा प्यायचो. इतकं साधं होतं सगळं.

तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. डेंगीचा विषाणू तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तात सापडतो. त्यानंतर शरीर त्याला हुसकून लावतं. सापडतो तोही इतका थोडा, की त्याच्या आतल्या धाग्याच्या यंत्रात प्रतींवर प्रती काढाव्या लागतात, तेव्हा कुठं जेलीच्या पातळ वडीवर जांभळ्या दिव्याखाली एक चमकती पट्टी दिसते. पट्टी आली तर विषाणू आहे. तो धागा फार नाजूक. उन्हानं तुटतो, उशिरानं तुटतो आणि आपल्या हाताच्या घामात जे द्रव्य असतं त्यानं तर लागलीच तुटतो. म्हणून ती एकावर एक दोन हातमोजे घालायची. एकदा प्रती काढून भागत नाही असं दिसल्यावर तिनं त्या प्रतींच्या आतल्या तुकड्याच्या पुन्हा प्रती काढायची पद्धत बसवली. बसवायला सात महिने गेले, त्यात वीज जायची ती वेगळीच. पण शेवटी प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू कितीही पातळ करून दिला तरी तिची पट्टी यायची. त्या दिवशी तिनं टपरीवर सगळ्यांना भजी खाऊ घातली.

आणि मग मी आणलेल्या रक्तात पट्टी येईना.

मी पारनेर तालुक्यातली गावं फिरत होतो. ताप असलेल्या घरी जायचं, रक्त घ्यायचं, फॉर्म भरायचा. "ताप कधीपासून?" "परवापासून." मी लिहायचो: ३. काल, परवा आणि आज, झाले तीन. दुसरीकडं जायचं. "कधीपासून?" "परवाधरनं अंग मोडून आलंय." ३. माझं अक्षर चांगलं आहे. तो तीनचा आकडा मी छान वळणदार काढायचो.

पंधरा दिवसांनी दुसरी नळी घ्यायची, दोन्ही मोठ्या प्रयोगशाळेला जायच्या, आणि तिकडून उत्तर यायचं: डेंगीच. म्हणजे ताप डेंगीचा, रक्त तिसऱ्या दिवसाचं, विषाणू रक्तात असायलाच हवा, आणि आमच्या चाचणीत काहीच नाही. असं एकदा झालं, चारदा झालं, मग एक-दोन नळ्या सोडल्या तर सारखंच व्हायला लागलं.

सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना कारण लगेच हवं असायचं. एके दिवशी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "यंत्र ठीक आहे. नमुने ठीक आहेत, दिवस बघा ना, सगळे तिसऱ्या दिवसाचे. मग राहिलं काय? हात राहिले." ती उभी होती. मीही तिथंच होतो, दाराला टेकून. सर पुढं म्हणाले, "काहींच्या हातातच नसतं ते. त्यात कमीपणा नाही काही."

त्या 'काहींच्या'मध्ये तिला काय ऐकू आलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. मी जमीनजुमल्याच्या मराठ्याघरचा पोरगा. माझ्या हाताबद्दल पिढ्यान्पिढ्या कुणी काही बोललेलं नव्हतं.

मग चार महिने तिनं स्वतःला पिळून काढलं. रसायनं बदलली, पाणी बदललं, यंत्राचं तापमान एकेक अंशानं वरखाली करून पाहिलं. हात इतक्यांदा धुवायची, की बोटांची साल निघायला लागली. चहाचा कप धरला की ती बोटं दिसायची. मी दुसरीकडं बघायचो.

एकदा तिनं मला हळूच विचारलं, "फील्डवाले, रागावू नका. वाटेत बर्फ वितळत नाही ना?"

"नाही."

"आणि दिवस? दिवस नीट विचारता ना?"

मला झोंबलं. म्हणालो, "मॅडम, मी त्याच मातीतला आहे. लोक काय बोलतात ते आता तुम्ही मला शिकवणार?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला," ती म्हणाली आणि परत आत गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी टपरीवाल्याला म्हणालो. म्हणालो, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर एका घरच्या बाईंचं दुसरं रक्त घ्यायला मला जरा उशीर झाला. पंधरा दिवसांच्या जागी तीन आठवडे उलटले होते. पहिल्या खेपेला त्या बाईंना ताप होता, आणि ओसरीवर बसलेली त्यांची सासू मला म्हणाली होती, "डाक्टर, माझं बी घ्या की रगत, फुकाट हाय तर." ह्या खेपेला ओसरी रिकामी होती. बाई बऱ्या झाल्या होत्या. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमची म्हातारी गेली की वो परवा."

मी हळहळलो. रीत म्हणून विचारलं, "दहावा कधी आहे?"

"झाला की. तेरावा बी उरकला."

मी म्हणालो, "मावशी, परवा म्हणजे कधी?"

त्या माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघायला लागल्या. "परवा म्हंजी परवा. लई दिस न्हाई झालं अजून."

माझी आई मला अजून म्हणते, परवा तर तू रांगत होतास. मी स्वतः मित्राला म्हणतो, परवाच भेटलो की आपण, आणि मधे दिवाळी होऊन गेलेली असते. आपण सगळेच असं बोलतो. आमच्याकडं परवा हा काही दिवस नाही, लांब नसलेलं काहीही परवाच असतं. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पण हातात पेन आलं, गळ्यात दवाखान्याचा बिल्ला आला, आणि मी शहाणा झालो. परवा म्हणजे तीन.

मी विचारलं, "मी पहिल्यांदा आलो तेव्हा ताप येऊन किती दिवस झाले होते?"

"आता ते कसं सांगू?"

"बरं, त्याआधीच्या बाजाराला गेलता का?"

"न्हाई बा. अंगच उचलत नव्हतं. त्याच्या आधल्या बाजाराला बी पोराच्या बापालाच धाडला हुता."

बाजार आठवड्याचा. दोन बाजार चुकले म्हणजे ताप कमीत कमी आठ दिवसांचा. मी त्यांचं रक्त नेलं तेव्हा विषाणू त्यात नव्हताच. जे नव्हतं ते तिनं दाखवलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

पुढचे दोन दिवस मी घरं फिरलो आणि सगळ्यांना बाजारावरून विचारलं. एका कागदावर यादी केली. माझे वळणदार तीन एकामागून एक आठ, नऊ, दहा होत गेले. दोघे मात्र खरेच तिसऱ्या दिवसाचे निघाले. त्यातले एक शाळेतले गुरुजी. त्यांनी पहिल्याच खेपेला तारीख सांगितली होती. त्या दोघांच्या रक्तात तिची पट्टी आलेली होती. सरांनी त्याला योगायोग म्हटलं होतं.

आणखी दोन दिवसांनी समितीची बैठक होती. प्रकल्प चालू ठेवायचा का, तिची मुदत वाढवायची का, हे तिथं ठरणार होतं. मी यादी खिशात घालून गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, शप्पथ. ओसरीत सर भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या कायम होण्याचंही आज बोलतो. तुझ्या कामात खोट नाही. हिचं मात्र काही खरं नाही." आणि आत गेले.

आत मला मागं बसवलं होतं. बाहेरगावचे एक म्हातारे सदस्य होते, त्यांनीच काय तो मुद्द्याचा प्रश्न विचारला. "तापाच्या दिवसांची नोंद पक्की आहे का? कोण घेतं?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. सगळे वळले. तीही वळली. तिच्या डोळ्यांत आशा होती, एवढं मला साफ दिसलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हो सर, पक्की आहे."

लोक म्हणतात अमक्यानं मिठाची गुळणी धरली. मी तीही धरली नाही. मला विचारलं आणि मी तोंड उघडून खोटं बोललो. पोरीचा कामधंदा, शिक्षण, नाव सगळं टांगणीला लागलेलं असताना मला माझ्या कायम होण्याची आणि त्याहून जास्त एका वाक्याची काळजी होती: याला लोकांची भाषा कळते. ते वाक्य खोटं पडलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथं चोर मागच्या खुर्चीत बसून बघत होता.

तिची मुदत वाढली नाही. तिनं समितीचे आभार मानले, ते मला अजून पचलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं टेबल पुसलं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या आणि आपली वही माझ्याकडं दिली. "पुढं कुणी आलं तर द्या. पद्धत सगळी सविस्तर आहे. माझ्याच्यानं नाही झालं, दुसऱ्याच्या हातून होईल."

मी तेव्हाही सांगितलं नाही.

दीड महिना गेला. मग मी तीच यादी नव्या कागदावर उतरवली आणि सरांपुढं ठेवली. म्हणालो, "सर, आत्ता लक्षात आलं." सर खूश झाले. फॉर्म बदलला. 'तापाचा दिवस कितवा'च्या जागी आम्ही विचारायला लागलो: मागच्या बाजारच्या दिवशी ताप होता का, त्याच्या आदल्या बाजारी होता का, ताप चढला तेव्हा घरात, गावात काय चाललं होतं. पाच दिवसांच्या आतलंच रक्त यंत्रात जायला लागलं. तिच्या वहीतली पद्धत, तिनं ठरवलेलं तापमान, दोनदा प्रती काढायची तिचीच युक्ती. नवा मुलगा नुसता वही बघून करायचा. आणि जिथं डेंगी तिथं पट्ट्या यायला लागल्या, झाडून सगळ्या. बाहेर सांगताना सर म्हणायचे, चाचणीत सुधारणा झाली, आणि माझ्याकडं हात करायचे. मी कायम झालो. पेढे वाटले. वड्याचं तेल वांग्यावर ऐकलं होतं, इथं वांग्यानं वड्याचा मानही पळवला.

तिला निरोप पाठवा असं मी सरांना एकदा म्हणालो. ते म्हणाले, "आता कशाला? तिला उगाच वाईट वाटेल." मला ते सोयीचं वाटलं.

तीन वर्षांनी कळलं, की ती जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. कळल्यावरही जायला मला चार-पाच महिने लागले. मग एका शनिवारी एसटीत बसलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. ती शिक्षकांच्या खोलीत एकटीच वह्या तपासत बसली होती. मला बघून हसली. "फील्डवाले! वाळकं नाही आणली?"

मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. परवाचं, बाजारांचं, गुरुजींचं, बदललेल्या फॉर्मचं. चाचणी तुमचीच आहे, वहीतली एक ओळही बदललेली नाही, सगळ्या पट्ट्या येतात.

तिनं तपासायची वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हाही येत होती?"

"जिथं विषाणू होता तिथं येत होती."

"म्हणजे माझे हात बरे होते." हे तिनं मला विचारलं नाही, स्वतःशीच म्हणाली. मग ओढणीनं डोळे पुसले आणि हसायला लागली. "तुम्हाला सांगू का? मी इथं प्रॅक्टिकल घेत नाही. पहिल्या दिवसापासून दुसऱ्या सरांना देते. म्हटलं पोरांचं नुकसान नको व्हायला. नळी हातात धरली की सरांचं ते बोलणं आठवतं. घरी दूध विरजलं नाही तरी आई म्हणायच्या आत मीच म्हणते, माझ्या हातानं लावलं होतं ना."

मी खाली बघत होतो. तिनं शिपायाला चहा सांगितला, आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाकडं आहेत तेही विचारलं. मग माझ्याकडं वळून अगदी सहज, माहितीसाठी विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

येताना एसटीत मी ह्याच प्रश्नाची तयारी केली होती. समितीच्या चार दिवस आधी, हे उत्तर मला पाठ होतं.

"नंतर," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यावर. दीडेक महिन्यानं."

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली. "आधी कळलं असतं तर त्या बैठकीत तुम्ही उठून सांगितलंच असतं. सगळ्यांत एक तुमच्यावर माझा भरवसा होता."

चहा आला. तिनं स्वतःची बशी माझ्याकडं सरकवली, इतक्या लांबून सांगायला आलात म्हणून माझे आभार मानले, आणि मी तो चहा प्यायलो.